चुनीलालभाऊंचा लांबलेला पाय

चुनीलालभाऊ पाटील आता ही गोष्ट स्वतःच सांगतात. केळी भरायला आलेल्या व्यापाऱ्याला सांगतात, तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर भेटलेल्या अनोळखी यात्रेकरूलाही सांगतात, आणि सांगताना स्वतःची जरासुद्धा गय करत नाहीत. "मन्हासारखा शहाना मानूस तापीना ह्या काठले नही आनि त्या काठले बी नही," अशी सुरुवात असते. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा बढाई मारतोय. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं की हे काहीतरी निराळंच आहे, आणि तो नीट बसून घेतो.

पहिलं शहाणपण असं, की आपण लंगडतो हे भाऊंना ठाऊकच नव्हतं. उजवा खुबा वर्षानुवर्षं झिजत चालला होता. गाव म्हणायचं, भाऊ लंगडतात. भाऊ म्हणायचे, लंगडत नाही, जरासा कलतो; जन्मभर उसाच्या बांधावरून चाललेला माणूस कलायचाच. पाठही दुखायची, पण ती वेगळी, तिचा खुब्याशी काय संबंध, अशी त्यांची ठाम समजूत. पाठीला त्यांनी मलम लावलं, शेक दिला, पट्टा बांधला, तळोद्याकडून मालीशवाला आणला. शहाद्याच्या एका डॉक्टरने तपासून सांगितलं, की उजवा पाय आखूड पडतोय, तेवढा चपलेत जाड तळ टाकून घ्या, पाठीला आराम पडेल. भाऊ ताडकन उठले. "मी काय सर्कसमधला जोकर शे का?" असं म्हणून जे बाहेर पडले ते पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. त्यांच्या मागोमाग सरलाबाई निघाल्या, पण डॉक्टरचं उरलेलं बोलणं ऐकून घेऊन.

मागोमाग म्हणजे खरोखरच मागोमाग. लग्न झालं तेव्हापासून भाऊ पुढे आणि सरलाबाई मागे, ही त्यांची चाल. तसं कुणी कधी फर्मावलं नव्हतं. त्यांच्या गुजर वस्तीत सगळीच जोडपी तशी चालायची. भाऊ मान ताठ ठेवून पुढे, चार पावलांवर डोक्यावर पदर घेतलेल्या सरलाबाई, हातात पिशवी. बाजारात, लग्नात, शेतात, सगळीकडे हेच. इतक्या वर्षांत भाऊंनी मागे वळून पाहिलं ते फक्त "पिशवी ऱ्हायनी का?" एवढं विचारण्यासाठी.

शेवटी खुब्यानेच निकाल लावला. एका पावसाळ्यात भाऊंना मोटारसायकलवर टांग टाकता येईना, मग पायमोजा चढवता येईना, मग खाटेवरून उठता येईना. मुलगा योगेंद्र त्यांना गाडीत घालून सुरतेला घेऊन गेला. तिथले हाडांचे डॉक्टर भाग्येश मूळचे आपल्याच नंदुरबारचे, त्यामुळे भाऊंना निम्मा आराम बोलण्यानेच पडला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावला आणि बोट फिरवत समजावलं. "काका, तुमचा खुबा झिजलाय आणि आखडलाय, म्हणून पाय आखूड पडतो. पाय आखूड पडला की त्या बाजूची कंबर खाली उतरते. कंबर तिरकी झाली की माणूस पडेल ना? म्हणून पाठीचा कणा उलट्या बाजूला वाकून तोल सांभाळतो. तुमची पाठ इतकी वर्षं खुब्याची चाकरी करतेय, म्हणून ती दुखते."

मालीशवाल्याला घातलेलं तूप-पोळीचं जेवण भाऊंना त्या क्षणी आठवलं.

होळी झाल्यावर ऑपरेशन झालं. खुब्याला नवी वाटी, नवा गोळा. भाऊ दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे राहिले आणि वॉर्डातल्या सगळ्यांना स्वतःचा टाका दाखवून आले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की फरशीवर अनवाणी चालायचं नाही, पाय घसरला तर सगळं मुसळ केरात. सरलाबाईंनी ते वाक्य देववाणीसारखं मनावर घेतलं. त्यांनी शहाद्याहून चपलांचे दोन नवे जोड मागवले, एक घरातला, एक बाहेरचा. आता त्या भागात नवी चप्पल कुणी तशीच पायात घालत नाही. आधी एसटी स्टँडजवळच्या मोचीकडून ती चारी बाजूंनी शिवून घ्यायची, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. हे खातं पहिल्यापासून सरलाबाईंकडे होतं. चप्पल शिवून येते कुठून आणि उंबऱ्याशी येऊन थांबते कशी, याचा भाऊंनी कधी विचार केला नव्हता. ती पायाखाली असायची आणि भाऊंची मान वर असायची.

पहिल्या तपासणीला दोघं सुरतेला गेली, तेव्हा ती गोष्ट घडली. भाऊ वॉकरवर, त्यामुळे गोगलगाय. लिफ्ट निघून जाईल म्हणून सरलाबाई लगबगीने पुढे गेल्या. आणि दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात भाऊंनी आपली बायको चालताना प्रथमच पाहिली. प्रत्येक पावलाला तिचा डावा खांदा खाली जात होता. कंबर एका अंगाला लोंबत होती. पाठ पदराखालूनही वाकडी दिसत होती. भाऊ वॉकर धरून जागच्या जागी उभे राहिले.

"तुन्हा पायले काय व्हयनं?" लिफ्टपाशी पोहोचल्यावर त्यांनी विचारलं.

"काय व्हई? खुबा दुखस."

"कवयपासून?"

"चार-पाच वरीस व्हई गयात."

"मंग बोलनी काब्र नही?"

सरलाबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. "कसं बोलू? आपला घरमा एकच खुबा दुखे, तो तुमना."

 तेव्हा भाऊंनी एक गोष्ट मात्र चांगली केली, डॉक्टरांना त्याच दिवशी सरलाबाईंचा एक्स-रे काढायला लावला. डॉक्टरांनी तो बघितला आणि त्यांचं हसू मावळलं. डाव्या खुब्यात हाडांमधली फटच उरली नव्हती, हाडावर हाड घासत होतं. "काकू, तुमचं काकांपेक्षा पुढे गेलंय. कणाही वाकायला लागलाय. अजून तो लवचीक आहे, खुबा बदलला तर सावरेल. पण उशीर केलात आणि तो तसाच आखडून बसला, तर नंतर खुबा बदलूनही पाठ सरळ होणार नाही. वर्षाच्या आत ठरवा."

सरलाबाईंनी पदर सारखा केला. "पह्यले यास्नं काय व्हस ते देखू द्या. ह्या सरळ चालाले लागनात, तर मी येसू. नही तर मन्ही काठी बरी."

म्हणजे परीक्षा भाऊंची आणि निकाल सरलाबाईंचा. भाऊंनी छाती ठोकून सांगितलं, दोन महिन्यांत धावून दाखवतो.

वॉकर सुटला, काठी आली. आणि भाऊंच्या ध्यानात आलं की आपला उजवा पाय लांब झालाय. पूर्वी ते उजवीकडे कलायचे, आता डावीकडे कलू लागले. चालताना उजवी बाजू वर उचलल्यासारखी वाटायची, जणू एक पाय कायम पायरीवर आहे. खुब्यात दुखणं म्हणून नव्हतं, पण पाठ पूर्वीइतकीच दुखायची, फक्त दुसऱ्या अंगाला. ते पुन्हा सुरतेला गेले. डॉक्टरांनी त्यांना अनवाणी उभं करून एक्स-रे काढला, त्यावर रेघा ओढल्या, आणि म्हणाले, "दोन्ही पाय अगदी सारखे आहेत. कंबर सपाट आहे. पण इतकी वर्षं तिरक्या कंबरेलाच तुमचा मेंदू सरळ समजत होता. आता सरळ झाल्यावर त्याला ती तिरकी वाटते. स्नायू सैल पडायला आणि सवय व्हायला काही महिने जातील, धीर धरा."

भाऊंनी धीर धरला तो गाडीत बसेपर्यंत. मग योगेंद्रला म्हणाले, "पाय लांब करी दिधा त्यानी, आनि आते मन्हा मेंदूनं नाव पुढे करस."

खरी पंचाईत घरी होती. सरलाबाईंसमोर कण्हायची सोय नव्हती. आपण कण्हलो की तिचं ऑपरेशन बारगळलं, एवढं भाऊंना पक्कं कळत होतं. आणि आता तिचं चालणं त्यांना दिसायला लागलं होतं, ते न दिसल्यासारखं करता येईना. ओसरीची एवढीशी पायरी चढताना ती भिंतीला हात लावायची. मिरच्या निवडायला खाली बसायची नाही, खुर्चीवर बसून ताट मांडीवर घ्यायची. हे सगळं वर्षानुवर्षं आपल्या घरात चाललं होतं आणि आपण मलमाच्या बाटल्या मोजत बसलो होतो, हे भाऊंना फार लागलं. म्हणून ते नाटक करायला लागले. स्वयंपाकघरावरून जाताना छाती पुढे काढून, दात दाखवत, काठी नुसती शोभेला असल्यासारखे चालायचे.

"हासू नका," आतून आवाज यायचा. "तुमनं तोंड हासस, पन पाठ रडी ऱ्हायनी. मले मांगून दिखस."

भाऊंचं नाटक असं रोज पहिल्याच अंकात पडायचं.

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी योगेंद्रने भाऊंना प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला सोडलं. चपला पायऱ्यांशी काढून भाऊ रांगेत उभे राहिले. रांग लांब होती. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की आपण काठी नुसती धरली आहे, तिच्यावर भार नाही. पाय लांब वाटत नाही. पाठ गप्प आहे. गाभाऱ्यापर्यंत जाऊन, पिंडीवर बेल वाहून भाऊ परत आले तरी पाठ गप्पच. चपला घालून गाडीपर्यंत गेले आणि दुखणं पुन्हा हजर. भाऊंनी तिथेच ओळखलं, हा महादेवाचा हात. देवळात होता तोवर होता.

इथे दुसऱ्या शहाणपणाला सुरुवात होते. दुसऱ्या सोमवारीही तसंच झालं, तेव्हा तर भाऊंना राहवेना. गावभर सांगून आले, की सुरतेच्या डॉक्टरला जे जमलं नाही ते प्रकाशाच्या महादेवाने केलं. आंघोळीच्या वेळीही पाय जागेवर असल्यासारखा वाटतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा ते आंघोळीला शिवस्तोत्र म्हणायचे, त्यामुळे त्याचाही उलगडा झाला. घरी येऊन त्यांनी सरलाबाईंना सगळं रंगवून सांगितलं. सरलाबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग बरं शे. मी बी सोमवार धरस. आपरेशन कसाले करानं?"

भाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. जिला ऑपरेशनला नेण्यासाठी एवढं हसून दाखवलं, तिला आपणच देवळाची वाट दाखवली होती. देवाविरुद्ध बोलायची हिंमत नाही आणि डॉक्टरच्या बाजूने बोलायला तोंड नाही. "नही, म्हंजे महादेवनं सगळासवर ध्यान ऱ्हास आसं नही," असं काहीतरी ते पुटपुटले. सरलाबाईंनी पुढची पोळी तव्यावर टाकली. पुढच्या सोमवारपासून त्यांनी खरोखरच उपास धरला, आणि खुबा मात्र दिवसेंदिवस जास्तच धरायला लागला. एकदा त्या पायरीवर बसल्या त्या योगेंद्र येईपर्यंत उठल्याच नाहीत. विचारल्यावर म्हणाल्या, वारा बरा लागत होता.

शेवटच्या सोमवारी प्रकाशाला मुंगीलाही वाट नव्हती. दर्शन घेऊन भाऊ पायऱ्यांशी आले तर चपलांचा नुसता खच. भाऊंनी रंग बघितला, अंगठा बघितला, पाय घातला आणि निघाले. चपला किंचित सैल वाटल्या. पण गाडीपर्यंत पाठ दुखली नाही. भाऊंनी मागे वळून कळसाला हात जोडले. गावात उतरून गल्लीतून घरापर्यंत चालत गेले तरी पाठ दुखली नाही. काठी त्यांनी खांद्यावर टाकली. "देख," अंगणातूनच ते म्हणाले, "आते देवळाबाहेर बी."

सरलाबाई दारात आल्या. भाऊ ओसरीवर चढले, सैल चपला काढल्या, घरातल्या घातल्या आणि आतल्या खोलीकडे निघाले. चार पावलांत उजवी बाजू वर उचलली गेली आणि पाठीत कळ आली. भाऊ थांबले. परत ओसरीवर आले, बाहेरच्या चपला घातल्या, चालले. सरळ. घरातल्या घातल्या, चालले. वाकडे. महादेव घरातल्या चपलांवर नाराज आहे, हे काही त्यांना पटेना. त्यांनी घरातली उजवी चप्पल काठीने उलटी केली, मग डावी. दोन्ही शेजारी ठेवल्या. उजवीचा तळ करंगळीएवढा जाड होता. आतून कातड्याचा जादा थर बसवून, वरून शिवून, काळा रंग देऊन सगळं बेमालूम केलेलं. मग बाहेरून घालून आलेल्या चपला त्यांनी निरखून पाहिल्या. त्या त्यांच्या नव्हत्याच.

"हाई काय शे?"

सरलाबाई खाली बघत होत्या. "मी मोचीकडून टाकी लेत व्हती."

"कवयपासून?"

"शहादाना डॉक्टरनी सांगं तवयपासून. तुम्ही उठी गयात, मी आयकी लिधं. दर नवी चप्पलले टाके. तुमले सांगं असतं तर तुम्ही चप्पल तापीमा फेकी देता. मी मांगे चालस. दिनदिन तुमनी पाठ वाकडी व्हयेल देखानी. मंग काय करू?"

"आनि आपरेशन व्हयनं त्यानंतर बी?"

"डॉक्टरनी वाटी बदली. पायनी लांबी बी सारखी व्हई गयी, हाई मले कोन सांगं? मी म्हनं, ऱ्हाऊ द्या तळ, पायले आधार व्हई."

भाऊ खुर्चीवर बसले. सर्वात आधी त्यांना हसू आलं. आपण अनवाणी असलो की सरळ आणि चपलेत वाकडे, एवढा साधा हिशेब. तो न करता आपण डॉक्टरला चोर ठरवलं आणि महादेवाला कामाला लावलं. आणि आत्ता प्रकाशाच्या रस्त्यावर कुणीतरी भला माणूस आपल्या चपला घालून डावीकडे कलत चालला असेल, उपासाला काही चुकलं का असा विचार करत. भाऊ हसले आणि हसता हसता थांबले. त्यांची नजर उंबऱ्याशी गेली होती. तिथे सरलाबाईंच्या चपला होत्या.

भाऊंना वाकायला मनाई होती, म्हणून काठीने त्यांनी त्या ओढून घेतल्या आणि उलट्या केल्या. डावीची बाहेरची कड कागदासारखी झाली होती, खिळा वर आला होता. उजवी जवळजवळ नवी. जाड तळ कुठेही नव्हता.

"मोचीकडे जात व्हती, मंग तुन्हामा काब्र नही टाकं?"

सरलाबाईंनी साध्या आवाजात उत्तर दिलं. "मन्हा मांगे कोन चालस?"

 आयुष्यात अनेकदा भाऊ फजीत झाले होते, पण लाज वाटली ती त्या दिवशी. इतकी वर्षं ही बाई आपल्या पाठीकडे बघत चालली, आपली पाठ आपल्या नकळत सांभाळली, आणि हिच्या पाठीकडे बघायला कुणी नव्हतं. आपण होतो, चार पावलं पुढे, मान ताठ ठेवून. डोळे पुसायला रुमाल शोधला तर तो नेहमीप्रमाणे तिच्याकडेच होता.

थोड्या वेळाने ते उठले. दोन्ही जोड बाजूला सारले आणि अनवाणी अंगणात उतरले. डॉक्टरची मनाई फरशीसाठी होती, शेणाने सारवलेल्या अंगणासाठी नव्हती. "मांगून देख," ते म्हणाले, "आनि खरं सांग." गोठ्यापर्यंत ते चालत गेले. या खेपेला छाती काढली नाही की दात दाखवले नाहीत.

सरलाबाईंनी बराच वेळ पाहिलं. "सरळ शे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "योगेंद्रले सांगा, सुरतनी तारीख लई टाक."

भाऊंची पाठ काही त्या दिवसापासून गाणं गायला लागली नाही. पोळा झाला तरी सकाळी उठताना ती कुरकुरायची. डॉक्टर फोनवर पोट धरून हसले आणि म्हणाले, कण्याला आता तरी शिकू द्या, तुम्ही दोघांनी मिळून त्याला फार छळलंय. परक्या चपला भाऊंनी पुढच्या सोमवारी पायऱ्यांशी नेऊन ठेवल्या. त्यांच्या स्वतःच्या मात्र परत मिळाल्या नाहीत.

दसऱ्याच्या आधी सुरतेला सरलाबाईंचं ऑपरेशन झालं. त्याच लांबलचक बोळात त्या वॉकर घेऊन निघाल्या आणि भाऊ त्यांच्या मागे, हातात पिशवी. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, शेजारून चाला ना." भाऊ म्हणाले, "नही, मी आठे मांगेच बरा."

सरलाबाई सावकाश चालत होत्या. डावा खांदा अजून थोडा खाली जात होता, पण पूर्वीसारखा नाही. भाऊ एकटक बघत होते.

"काय देखी ऱ्हायनात?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"तुन्ही चाल."

"कशी शे?"

पूर्वीचे भाऊ असते तर म्हणाले असते, झकास. त्यांनी आणखी दोन पावलं नीट बघितली. "अजून वाकडी शे," ते म्हणाले. "पन पह्यलेपेक्षा कमी. चाल तू, मी मांगे शे."

सरलाबाईंनी वॉकर पुढे टेकवला आणि त्या चालू लागल्या.